सेकंडचा टॉवेल

टाचेला आमच्या तेलुगूत म्हणतात मडमा.
सकाळी ती वागतेही अगदी मॅडमसारखी,
पहिलं पाऊल टाकायच्या आधी
सलाम घेते.

खाटेवरून उतरले की खिळ्यावर उतरल्यागत.
भिंत धरते, कडी धरते,
मोरीपर्यंत कडेकडेनं.
चहाला उकळी येईस्तोवर दुखणं गायब,
मग सांगणार कुणाला?
चालताना तर धडच दिसते मी.
दुपारी टिफिन खाऊन उठले
की पुन्हा सलाम.

बावीस वर्षं उभी आहे
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, घडीच्या टेबलापाशी,
शहाबादी फरशीवर.
किनार बघायची, धागा सुटलेला बाजूला,
बाकीच्यांची घडी, डझनाला दोरी.
आई विड्या वळून वळून गुडघ्यात संपली,
मी उभी राहून टाचेत.

शिवगंगाक्का म्हणाली,
वीट तापव, रुईचं पान ठेव, त्यावर टाच दे.
दिली.
मे महिन्यात सोलापुरात वेगळी वीट तापवायची,
अख्खं विडी घरकुल तापलेलं असताना!
तासभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
कुणी म्हणालं सुई घे, कुणी म्हणालं वजन बघ.
एक्सरेवाल्यानं उजेडावर धरून
टाचेखालचा काटा दाखवला, हाड वाढलंय म्हणाला,
आणि रात्रभर मी
तो काटा आणखी वाढताना ऐकत पडले.

सिव्हिलमधली बिराजदारांची पोरगी
एक्सरेकडं नीट बघितलीसुद्धा नाही.
"काटा राहू दे मावशी,
कितीतरी जणांना असतो, त्यांना पत्ता नसतो.
दुखतोय तो हा पट्टा."
टाचेपासून बोटांपर्यंत तिनं अंगठा ओढला.
"रात्री आखडतो.
सकाळी एकदम भार पडला की
बारीक बारीक उसवतो."

एवढं मला कळलं.
ताणा तुटला की माग थांबतो,
जॉबर येतो, गाठ मारतो, मग चालू.
इथं तुटत राहिलं
आणि माग कुणी बंदच केला नाही,
मीसुद्धा.

"घरात एखादा टॉवेल आहे का?" तिनं विचारलं.
मी इतकी हसले
की रांगेतला काठीवाला म्हातारासुद्धा हसायला लागला,
काही कळलं नसताना.

होता. सेकंडचा, हिरवा,
किनार तिरकी गेलेली, अर्ध्या भावात घेतलेला.
खाटेवरच पाय लांब करायचा,
चवड्याला टॉवेल अडकवून अंगाकडं ओढायचा,
तीस आकडे, तीनदा.
मग उतरायचं, तेही चपलेत.
घरात चप्पल!
सासूबाई फोटोतून बघतात, बघू देत.
संध्याकाळी भिंतीला हात लावून पोटरी ताणायची,
बर्फाची बाटली तळव्याखाली लाटायची
पोळी लाटल्यासारखी.
किती दिवस, म्हटलं.
"महिने म्हणा, मावशी."

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी,
पहाटे साडेतीनला.
नळ आधी खोकतो, मग वारा सोडतो, मग पाणी.
गुरुवारी खोकला.
सवयीनं पाय खाली गेलेच होते,
वर घेतले.
अंधारात टॉवेल चाचपला.
एक, दोन, तीन.
बाहेर घागरी वाजायला लागल्या.
"नरसम्मा, ए! पाणी!"
सतरा, अठरा.
तिरकी किनार अंगठ्याखाली बरोबर बसते,
सरळ मालाची बसली असती का कोण जाणे.
"माझी घागर तेवढी लाव गं,"
मी आतूनच ओरडले,
आणि मोजणं चुकलं.

पुन्हा एकपासून.